हॅकर्बीच्या एकशे त्रेसष्ट कबरी आणि लीलाकाकू

बसथांब्यावर उभ्या असल्या की लीलाकाकू रस्त्याकडे बघत नसत. समोरच्या घरांच्या वरच्या मजल्याकडे बघत. बस आली की मी सांगायचे.

चहा दोनदा उकळत. इंग्रज पाहुण्यांनाही तोच.

स्थानिक साप्ताहिक मागच्या पानापासून वाचायला घेत. आधी मृत्यू, मग जन्म, मग लग्नं. राजकारणापर्यंत पोचायच्या आत कणीक भिजवायची वेळ झालेली असे.

त्या भागात सगळे एकमेकांना प्रेमाने 'डक' म्हणतात. भाजीवाला म्हणाला, "हे घे, डक," की काकू तितक्याच गंभीरपणे म्हणत, "थँक यू, डक." अंगावर साडी, साडीवर अनोरॅकचं जाड जाकीट, डोक्यावर लोकरीची टोपी.

पर्समध्ये मोजायची टेप, एक मऊ ब्रश आणि खडीसाखर.

बोलण्यात कुणाचं नाव आलं की विचारत, "कुठले ते?" उत्तर मिळालं की लगेच, "आणि त्याआधी कुठले?"

हे मी दोन वर्षं एका घरात राहून पाहिलं आहे. त्या गेल्याला आता पाच आठवडे झाले. अजून रविवारी सकाळी फोनकडे हात जातो.

मी २००५ च्या सप्टेंबरात एम.ए. करायला नॉटिंगहॅमला आले. पुण्यात इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. केलं होतं. इंग्लंड आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे असा माझा समज होता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कळलं की हॅकर्बी नावाच्या गावात डॉ. उल्हास हर्डीकर आणि लीलाकाकूंकडे वरची खोली रिकामी आहे. बसने पन्नास मिनिटं. मी गेले आणि राहिले.

पहिल्याच रविवारी काकूंनी मला गाव दाखवायला नेलं. मला वाटलं चर्च दाखवतील, बाजार दाखवतील. त्या एका अगदी साध्या विटांच्या घरासमोर थांबल्या.

"वर बघ. काय दिसतं?"

"खिडकी."

"कशी?"

मी नीट पाहिलं. खालच्या खिडक्या लहान, चौकोनी. वरची मात्र भिंतभर लांब.

"साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावात घरोघरी मोजे विणायचे," काकू म्हणाल्या. "लोखंडी यंत्र, एवढं मोठं. त्याला उजेड लागतो. म्हणून वर लांब खिडकी. बाप यंत्रावर, आई शिवायला, पोरं दोरा गुंडाळायला. जिथे लांब खिडकी दिसेल तिथे खाली एक दमलेलं कुटुंब राहायचं असं समजायचं."

त्या चालता चालता बोलत राहिल्या. अठराशे अकराच्या सुमाराला हलका माल काढणारी नवी रुंद यंत्रं आली, मजुरी उतरली, आणि लोकांनी हातोडे घेऊन ती यंत्रं फोडली. मग लेसचे कारखाने आले. मग जमिनीखाली कोळसा सापडला आणि मोजे विणणाऱ्यांची नातवंडं खाणीत उतरली. एकोणीसशे एक्क्याण्णवमध्ये खाण बंद झाली. तिच्या जागी आता एक प्रचंड गोदाम आहे. त्याला एकही खिडकी नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता पुण्याची मुलगी इथे भाड्याने राहायला येते. तेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं."

मला त्या हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत.

काकू मूळच्या मिरजेच्या. सांगलीला बी.ए., विषय इतिहास. १९७१ मध्ये काकांबरोबर आल्या. काका भूलतज्ज्ञ. त्यांना या भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. मुलगा सुश्रुत शाळेत जायला लागल्यावर काकूंनी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात, रेकॉर्ड्स विभागात काम धरलं. सव्वीस वर्षं फायली काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. गावातलं प्रत्येक आडनाव त्यांच्या हातांना माहीत होतं. हॅलम नावाचे तर इतके, की त्यांचं वेगळं कपाट होतं.

निवृत्त झाल्यावर त्या स्थानिक इतिहास मंडळात गेल्या. मंगळवारी दुपारी दोन वाजता, लायब्ररीच्या मागच्या खोलीत. अध्यक्ष डेरेक नावाचे जुने खाणकामगार. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पण मिसेस हर्डीकर, तुमचा या गावाच्या इतिहासाशी काय संबंध?"

काकू म्हणाल्या, "मी इथे तीस वर्षं राहते. तुमच्या पोटाच्या ऑपरेशनची फाइल दोनदा माझ्या हाताखालून गेली आहे. कोणत्या साली, ते सगळ्यांसमोर सांगू?"

डेरेकनी खुर्ची पुढे सरकवली. ही गोष्ट मला डेरेकनीच सांगितली, आणि सांगताना पोटावर हात ठेवला.

उल्हासकाका म्हणायचे, "आमच्या घरात कामाची वाटणी आहे. मी जिवंत माणसांना झोपवायचो. ही मेलेल्यांना उठवते."

"तुमची माणसं तासाभरात उठून सूप मागायची," काकू म्हणत. "माझी काही मागत नाहीत. म्हणून तर जपून वागावं लागतं."

२००६ च्या उन्हाळ्यात गावातलं मेथडिस्ट पंथाचं जुनं चॅपेल पाडायचं ठरलं. तिथे फ्लॅट होणार होते. चॅपेलमागे छोटं दफनस्थान होतं. १८३८ ते १८८४ या काळात तिथे एकशे त्रेसष्ट माणसं पुरली होती. त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं. दगड कधीच काढून टाकलेले. पण चॅपेलची नोंदवही उरली होती: नाव, वय, तारीख, रांग आणि क्रमांक. त्यामुळे जमिनीत कुठे कोण आहे ते कळत होतं. सगळ्यांना उचलून गावच्या दफनभूमीत न्यायचं होतं. टाउन कौन्सिलने मंडळाला सांगितलं, एका कुटुंबातली माणसं शेजारी शेजारी ठेवू, दगडावर नावंही तशीच कोरू. कोण कुणाचं ते तुम्ही सांगा.

ते काम काकूंनी घेतलं.

अडचण एकच होती. नोंदवहीत आईबापांची नावं नव्हती. एकट्या हॅलम आडनावाची अडतीस माणसं. चार वर्षांचा हॅलम, अकरा महिन्यांचा हॅलम, पन्नास वर्षांचा हॅलम. कोणता कुणाचा?

प्रत्येक नावाचं एक कार्ड करून काकूंनी जेवणाच्या टेबलावर मांडणी सुरू केली. आम्ही चार महिने स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो. मी एकदा विचारलं, या हॅलमांची कुटुंबं कशी लावता?

"मधलं नाव बघून," काकू म्हणाल्या. "हा थॉमस हेन्री हॅलम. हा वॉल्टर हेन्री हॅलम. आणि हा पन्नास वर्षांचा हेन्री हॅलम. म्हणजे हे दोघे त्याचे. मुलींना इथे बापाऐवजी आईचं नाव लावतात. सेरा ॲन, एलायझा ॲन, आई ॲन. पहिली सात कार्डं मी जनगणनेच्या कागदांशी ताडून पाहिली. सातच्या सात बरोबर."

मला त्यात काहीच खटकलं नाही. मी वरदा अशोक केळकर. मला का खटकावं?

जानेवारीत यादी पूर्ण झाली. मंडळाने ती मंजूर केली, कौन्सिलने स्वीकारली. दगड कोरणाऱ्याकडे सोमवारी, १९ फेब्रुवारीला मजकूर जायचा होता. लायब्ररीच्या काचेत यादीची मोठी प्रत लावली. लोक थांबून वाचत. काकू दूध आणायला मुद्दाम लायब्ररीवरून जात. हा एवढा एकच मोठेपणा त्यांनी स्वतःला घेऊ दिला.

शनिवारी, १७ तारखेला दुपारी मॉरीन हॅलम आली. सत्तरीची बाई. लेसच्या कारखान्यात, मग खाणीच्या कँटीनमध्ये काम केलेली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं घरचं जुनं बायबल होतं.

"लीला, तो थॉमस हेन्री आमचा आहे," तिने सांगितलं. "तू त्याला हेन्रीच्या पोरांत टाकलंस."

"हेन्रीचाच ना तो? थॉमस हेन्री."

"जॉर्जचा. हे बघ."

बायबलाच्या कोऱ्या पानावर तपकिरी शाईत लिहिलं होतं. थॉमस हेन्री, जॉर्ज आणि मेरी यांचा मुलगा, जन्म १८६२.

काकूंनी ते दोनदा वाचलं. "मग हेन्री कोण?"

"कोण म्हणजे? कुणी नाही. आवडलं असेल नाव. माझं नाव मॉरीन जून आहे. माझ्या बापाचं नाव जून होतं का?"

उल्हासकाका हसले. काकू हसल्या नाहीत.

"आणि हेन्री हॅलम म्हणजे मिल लेनवाले," मॉरीन पुढे म्हणाली. "चौऱ्याऐंशीच्या खाणीच्या संपात माझा भाऊ वर्षभर बाहेर बसला. मिल लेनवाले रोज पोलिसांच्या गाड्यांमधून कामावर जायचे. आमचा थॉमस त्यांच्यात झोपणार नाही."

"मॉरीन, थॉमस अठराशे सहासष्टमध्ये गेला," काका म्हणाले.

"मग?"

मॉरीनने चहा घेतला, दुसरा कप घेतला आणि बायबल ठेवून गेली.

काकू टेबलाशी बसल्या. त्यांनी हॅलमांची कार्डं काढली, मग बाकीची. मधल्या नावाचा नियम जिथे जिथे लावला होता ती कार्डं एका बाजूला रचू लागल्या. मी मोजत होते. एकसष्ट झाली.

"माझं नाव लीलावती उल्हास हर्डीकर," त्या म्हणाल्या. "सुश्रुत उल्हास हर्डीकर. वरदा अशोक केळकर. मला माहीत होतं गं इथे तसं नसतं. सव्वीस वर्षं यांच्या फाइली लावल्या. पण तिथे जन्मतारीख असायची, मधल्या नावाकडे बघायची वेळच आली नाही. इथे जन्मतारीख नव्हती, तर हात सरळ मिरजेला गेला."

"पण ती सात कार्डं बरोबर निघाली होती," मी म्हटलं.

"काही जण ठेवतात बापाचं नाव. माझ्या वाट्याला नेमके ते सात आले. आठवं काढलं असतं तर कळलं असतं. मी आठवं काढलं नाही."

रविवारी दुपारी काकांनी विषय काढला.

"लीला, मॉरीनचं कार्ड बदल. ते तर नक्की आहे. बाकीच्यांचं कोण विचारायला येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"तेच तर ना, अहो. कोणी येणार नाही."

सुश्रुतचा ब्रिस्टलहून फोन आला. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचं मराठी घाईचं. "आई, तू कशाला सगळ्यांना सांगतो? लोक आधीच म्हणतात, ही बाई आपला गावाचा हिस्टरी का करते. दे विल जस्ट यूज इट."

"म्हणू देत. आणि 'सांगतेस' म्हण."

"तू ऐकणार नाही ना?"

"नाही."

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. मला मनातून सुश्रुतचंच पटत होतं. पाच वर्षांत काकूंनी त्या खोलीत जी खुर्ची मिळवली होती, ती एका दुपारी जाऊ शकत होती. ज्यांना ती खुर्ची पहिल्यापासून खुपत होती असे दोन-तीन जण होतेच. आणि दुसऱ्या बाजूला होतं काय, तर दीडशे वर्षांपूर्वी गेलेली मुलं, चुकीच्या आईशेजारी. मी तसं बोलून दाखवलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "समज, तू तीन वर्षांची असताना मिरजेच्या जत्रेत हरवलीस, आणि पोलिसांनी तुला नीट न बघता दुसऱ्याच केळकरांकडे सोडलं. चालेल?"

सोमवारी नऊ वाजता त्यांनी दगड कोरणाऱ्याला फोन करून काम थांबवलं. मग लायब्ररीत गेल्या. मी बरोबर होते. काचेतली यादी त्यांनी उतरवून घेतली, टेबलावर पसरली आणि पट्टी आणि निळं बॉलपेन काढलं.

हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये चुकीची नोंद खोडरबराने घालवत नाहीत. वर पांढरा रंगही लावत नाहीत. तिच्यावरून एक सरळ रेघ मारतात, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि सही. काय चुकलं आणि कुणाचं चुकलं, दोन्ही कायमचं राहतं.

काकूंनी एकसष्ट नावांवर एकसष्ट रेघा मारल्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख घातली आणि सही केली. तासभर लागला. मग यादी पुन्हा काचेत लावली, रस्त्याकडे तोंड करून.

लायब्ररीतली बाई म्हणाली, "लीला, आत लावली तरी चालेल."

"बाहेर होती ना? बाहेरच राहू दे."

त्या यादीकडे लोक आधीपेक्षा जास्त थांबू लागले. ती पुढे बारा आठवडे तिथे होती.

मंगळवारी मंडळात एकोणीस माणसं होती. काकूंनी उभ्यानेच सांगितलं. नियम काय लावला, तो कुठून आला, किती ठिकाणी लावला. आवाज फाइल वाचून दाखवावी तसा. कोणतंही कारण पुढे केलं नाही.

डेरेकनी विचारलं, "एकसष्टपैकी बरोबर किती?"

"माहीत नाही."

"चूक किती?"

"तेही माहीत नाही."

मागून एकजण म्हणाला, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. हे काम इथे वाढलेल्या माणसाने करायला हवं."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही इथे वाढलात. तुमच्याकडे कार आहे का?"

तो गोंधळला. "आहे."

"छान. मग गुरुवारी काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जायचंय, बाप्तिस्म्याच्या वह्या बघायला. आणखी कुणाकडे आहे?"

मग डेरेकनी हात वर केला.

कौन्सिलच्या बाईंनी सांगितलं, दगड थांबेल, उत्खनन थांबणार नाही. कंत्राट झालेलं आहे. दफन सोमवारी, १४ मे रोजी. काकूंनी एकच अट घातली. तोवर ज्यांचं नक्की होणार नाही, त्यांना वेगवेगळं ठेवायचं. अंदाजाने कुणाच्या शेजारी नाही.

बारा आठवडे होते. मी तेव्हा नॉटिंगहॅममधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते, उरलेला वेळ काकूंना देत होते. मायक्रोफिल्म वाचायची यंत्रं दोन, त्यातल्या एकाचं हँडल अडकायचं. जनगणनेत कुटुंब सापडलं तरी पुरत नसे. दोन जनगणनांच्या मधे जन्मून मधेच गेलेलं मूल तिथे नसतंच. ते फक्त बाप्तिस्म्याच्या वहीत, आणि वही कोणत्या चॅपेलची ते आधी शोधायचं. काकूंनी नवीन नियम केला होता. प्रत्येक कार्डाला दोन वेगळे पुरावे. एक असेल तर कार्ड ढिगात परत.

मॉरीनही यायला लागली. तिला डेरेकच्या गाडीत जागा मिळाली. डेरेक मिल लेनचे. चौऱ्याऐंशीमध्ये ते कामावर गेलेल्यांपैकी होते. तेवीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. गावाबाहेरचा सगळा रस्ता मॉरीन खिडकीबाहेर बघत होती. एका चौकात डेरेक चुकले. मॉरीन म्हणाली, "डावीकडे." डेरेकनी गाडी डावीकडे घेतली. काकू मागे बसल्या होत्या. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं, आणि कधी नव्हे ते त्यांचे डोळे चमकले. "दोघंही हॅलमच आहेत गं," त्या म्हणाल्या. "डेरेकची आई हॅलम."

मला त्या काळातला त्यांचा चेहरा आठवतो तो थकलेला. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. एका बुधवारी फिल्म वाचताना त्यांना घेरी आली. काकांनी रक्तदाब तपासला आणि बरंच बोलले. काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही भूल द्यायचात तेव्हा अर्ध्यावर उठून घरी यायचात का?"

मेपर्यंत एकसष्टपैकी चोवीस कार्डं होती तशीच बरोबर निघाली. अठ्ठावीस चूक निघाली आणि दुरुस्त झाली. नऊ राहिली.

१४ मेला ऊन होतं. लहान लाकडी पेट्या ओळीने ठेवल्या होत्या. काही इतक्या लहान, की एका हाताने उचलता याव्यात. मेथडिस्ट पाद्रीबाईंनी प्रार्थना म्हटली. काकू क्लिपबोर्ड घेऊन खड्ड्याजवळ उभ्या होत्या. प्रत्येक पेटीचा क्रमांक बघत, कागदावर बघत, मग मान हलवत. त्यांनी मान हलवल्याशिवाय माणसं पेटी खाली सोडत नव्हती. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. ते आपोआप तसं होत गेलं.

थॉमस हेन्री गेला तो जॉर्ज आणि मेरीच्या मधे. मॉरीनने नाक पुसलं. डेरेकनी टोपी काढली.

नऊ पेट्या कुंपणाजवळ, वेगवेगळ्या. प्रत्येकीवर क्रमांकाची खुंटी.

ज्या माणसाने खोलीच्या मागून टोमणा मारला होता, त्याने त्या दिवशी काकूंसाठी घडीची खुर्ची आणली होती. काकू तिच्यावर बसल्या नाहीत, पण खुर्ची दिवसभर त्यांच्या मागे राहिली.

ऑक्टोबरात मला हाउन्सलोला नोकरी मिळाली, विमानतळावर माल पाठवणाऱ्या एका कंपनीत. मी निघताना काकूंनी डब्यात चकली भरून दिली आणि म्हणाल्या, तिथेही जुनी घरं असतील, बघत जा. त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. हवापाणी नाही, तब्येत नाही. पहिलं वाक्य आकड्याचं.

"आठ राहिले."

"सात. एलायझा सापडली. तिची आई ॲन नव्हती, हॅना होती."

"काकू, तुम्ही कशा आहात?"

"सांगितलं ना. सात."

कधी कधी मी वैतागायचे. मी नुकतीच प्रेमात पडले होते आणि त्यातून उठले होते. मला दुसरं काही बोलायचं असायचं. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा सगळं ऐकून म्हणाल्या, "त्याच्याबद्दल तुला नक्की काय माहीत होतं, आणि काय तू धरून चालली होतीस? दोन याद्या कर." मी केल्या. दुसरी यादी फार लांब झाली.

२००८ च्या सप्टेंबरात चार राहिले होते.

२१ ऑक्टोबरला, मंगळवारी सकाळी मी ऑफिसात असताना काकांचा फोन आला. काकांनी कधी मला ऑफिसात फोन केला नव्हता. ते म्हणाले, "वरदा, लीला गेली." मग म्हणाले, "चहा ठेवला होता तिने." हृदय बंद पडलं होतं. आयुष्यभर लोकांना बेशुद्ध करून परत आणणारा माणूस शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता.

अंत्यविधीला एवढी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. मराठी चाळीसेक. इंग्रज त्याहून जास्त. सुश्रुत मराठीत बोलायला उभा राहिला, एक वाक्य बोलला आणि थांबला. मग इंग्रजीत बोलला. डेरेक आणि मॉरीन एका रांगेत बसले होते, मधे एक खुर्ची सोडून.

बाहेर डेरेक मला म्हणाले, "आमच्यात कोणी चुकलं की गप्प बसतात. मग गप्प बसल्याबद्दल भांडतात. मग त्या भांडणाची पन्नास वर्षं होतात. तिने काचेत लावलं."

मी चार दिवस हॅकर्बीला राहिले. काकांना स्वयंपाकघर माहीत नव्हतं. मीठ कुठे आहे ते मी दाखवलं. शेवटच्या दिवशी ते मला टेबलाजवळ घेऊन गेले. त्यांनी तिथलं काहीही हलवलं नव्हतं.

तीन कार्डं रबरबँडमध्ये बांधून बाजूला. चौथं समोर, त्यावर चष्मा.

सेरा ॲन हॅलम. वय तीन. दफन १८६९. रांग सहा, क्रमांक चार. आत्ता कुंपणाजवळ, खुंटी सात.

खाली काकूंच्या बारीक अक्षरात तीन जोडपी. पहिल्यावर एक सरळ रेघ, तारीख, सही. दुसऱ्यावर एक सरळ रेघ, तारीख, सही. तिसरं विल्यम आणि जेन. हे दोघं खाणीच्या कामासाठी शेजारच्या डर्बीशरमधून आलेले, म्हणून मुलीचा बाप्तिस्मा तिकडच्या वहीत असण्याची शक्यता. एक पुरावा मिळाला आहे. दुसरा हवा.

त्याखाली लिहिलं होतं: मॅटलॉक, डर्बीशर रेकॉर्ड ऑफिस. गुरुवार, २३ ऑक्टोबर, सकाळी दहा. यंत्र राखून ठेवलं आहे. डेरेक नेणार.

कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात दोन रकाने आहेत. वडील. आई. दोन्ही कोरे आहेत.